पाचव्या फाउलचा हिशेब

महोदय,

बास्केटबॉलच्या बातमीत कुणी किती गुण केले, एवढेच बहुधा छापून येते. १९ वर्षांखालील विश्वचषकाचा २०२१ मधला अंतिम सामना त्या हिशेबाने कळतच नाही. लाटव्हियातील रीगा येथे अमेरिकेने फ्रान्सला ८३-८१ असे हरवले. फ्रान्सच्या १७ वर्षांच्या व्हिक्टर वेम्बान्यामाने २२ गुण, ८ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणे) आणि ८ ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच अडवणे) अशी अफाट कामगिरी केली. पण शेवटची निर्णायक मिनिटे तो बाकावर होता. पाच फाउल झाले होते.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानुसार सामना ४० मिनिटांचा आणि पाचव्या फाउलला खेळाडू बाद. उंच बचावपटूला हे हमखास भोवते. अमेरिकेचा रुंद बांध्याचा केनेथ लॉफ्टन खांदा भिडवून बास्केटखाली घुसत होता. अशा वेळी बचावपटूने जागच्या जागी सरळ वर उडी घ्यावी, हातही उभेच ठेवावेत. मग धक्का लागला तरी फाउल त्याचा नाही. हात पुढे कलले की शिट्टी वाजलीच! आणि बऱ्याचदा मूळ चूक असते गार्डची, म्हणजे बास्केटपासून दूर प्रतिस्पर्ध्याला रोखणाऱ्या खेळाडूची. तो चकला की उंच खेळाडूला मदतीला धावावे लागते, एक पाऊल उशीर होतो आणि तो आडवा आदळतो.

कुमार गटाच्या सामन्यांचे, आपल्या आंतरशालेय स्पर्धांचेही, वृत्त देताना गुणांशेजारी फाउल आणि खेळलेली मिनिटे कृपया छापावीत.

– एक वाचक, नागपूर