सुमनला पत्र

प्रिय सुमे,

पाकिटावरचं अक्षर बघून आधी चिडशील, मग वाचशील. दोन वर्षं मी तुला एक ओळ टाकली नाही. गेल्या महिन्यात नेत्रावती एक्स्प्रेसने केरळात कण्णूरला जाताना रत्नागिरी आलं. गाडीच्या दारात उभी राहिले, तुझा नंबर काढला आणि फोन पर्समध्ये टाकून दिला. तू पहिलं आमच्या लेकाचं, निनादचंच विचारलं असतंस.

प्रकृती बरी. साखर आटोक्यात, गुडघे आहेत तसेच. यांचंही बरं आहे.

कण्णूरला यांच्या ऑफिसातल्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी नवरीची आत्या पहाटे मला उठवून परश्शिनिक्कडवूला घेऊन गेली. वळपट्टणम नदीच्या काठी मुत्तप्पनाचं देऊळ. दारात काशाचे दोन कुत्रे आणि आवारात खरे कुत्रे, खुशाल पाय पसरून झोपलेले. प्रसाद आधी कुत्र्याला मिळतो, मग माणसांना. एकदा म्हणे देवळातल्यांनी कुत्रे फार झाले म्हणून बाहेर नेऊन सोडले, तर त्या दिवशी देव अंगात यायलाच तयार होईना. कुत्रे परत आणले तेव्हा आला. मला आपला खंडोबा आठवला, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव.

आणि नैवेद्य काय, ऐक. ताडी आणि सुकी मासळी. सुमे, सुकी मासळी, देवासमोर! तो वास नाकात गेला आणि मी थेट १९८४ च्या कोल्हापूरच्या होस्टेलात, तुझ्या ट्रंकेसमोर जाऊन उभी राहिले. आईने बांधून दिलेली बोंबलाची चटणी तू साडीच्या घडीत लपवली होतीस आणि मी रेक्टरबाईंना जाऊन सांगितलं. सगळ्यांदेखत तुला तो डबा उकिरड्यावर रिकामा करायला लावला. दीड महिना तू माझ्याशी बोलली नाहीस. मग गॅदरिंगच्या आदल्या रात्री ‘ए वरणभात, पिना आहेत का?’ म्हणत आलीस आणि भांडण मिटलं. मिटवलंस तू. ‘माझं चुकलं’ हे शब्द माझ्या तोंडून आजवर निघालेले नाहीत.

नदीकडच्या पायरीवर बसून आत्याबाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत मुत्तप्पनाची गोष्ट सांगितली. पाडिकुट्टी नावाची नंबुद्री ब्राह्मण घरातली बाई. मूलबाळ नाही. नदीवर आंघोळीला गेली तर तिथे तान्हं मूल सापडलं. तिने ते घरी आणलं, जिवापाड वाढवलं. पण पोरगं धनुष्यबाण घेऊन रानात जायचं, शिकार करायचं, डोंगरातल्या लोकांच्या पंगतीला बसून त्यांचं खायचं. घर सोवळ्याचं, बापाला हे सोसेना. रोज कटकट. आई मधल्यामध्ये. शेवटी पोराने खरं रूप दाखवलं, आणि त्याची नजर जाईल तिथे आग. आई म्हणाली, ‘बाळा, डोळे तेवढे झाक.’ त्याने आईचं ऐकलं, डोळे झाकले आणि घर सोडून गेला.

पुढे कुन्नत्तूरच्या डोंगरात तो माडावर चढून ताडी प्यायचा. ताडी काढणारा चंदन चोराला पकडायला राखणीला बसला, वर म्हातारा दिसला म्हणून बाण लावला आणि जागच्या जागी कोसळला. त्याची बायको धावत आली. वर बघून तिने हाक मारली, ‘मुत्तप्पा!’ म्हणजे आजोबा. नवरा उठून बसला. मग तिने घरात होतं ते पुढे ठेवलं: उकडलेलं कडधान्य, खोबऱ्याच्या कातळ्या, भाजलेला मासा, ताडी. तोच आजचा नैवेद्य. सोवळ्याच्या घरात ज्याचं खाणं खपलं नाही, त्याला एका ताडीवाल्याच्या बायकोने आजोबा म्हटलं, आणि आज सगळा उत्तर मलबार म्हणतो.

आता निनादचं. तुला मी शेवटच्या पत्रात ‘त्याला बेंगळूरला नोकरी लागली’ एवढंच कळवलं होतं. खरं असं की त्या वर्षी दिवाळीच्या आधी तो त्या मुलीला घरी घेऊन आला, आम्ही बाहेर होतो, आणि त्याने तिच्यासाठी सुरमई तळली. माझ्या तव्यावर. मी दारात आले तर घरभर तो वास. मी गरम तवा फडक्याने उचलला आणि जिन्यात फेकला. पहिल्या मजल्यापर्यंत आवाज करत गेला तो. मुलगी रडायला लागली. निनाद म्हणाला, ‘आई, मग मी जातो.’ मी म्हटलं, ‘जा.’ हे तर चकार शब्द बोलले नव्हते गं. पाडिकुट्टीने निदान डोळे झाक म्हटलं. मी सरळ जा म्हटलं.

उजाडता उजाडता मुत्तप्पन, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो माणूस, नाचून झाला. अंगावर लाल, तोंड रंगवलेलं. मग लोक रांगेने पुढे जातात आणि तो प्रत्येकाचा हात हातात धरून बोलतो. जात, धर्म, काही विचारत नाहीत. माझा हात धरला तेव्हा त्याच्या बोटांचा रंग माझ्या हाताला लागला. मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला. मला रडू आवरेना. आत्याबाई म्हणाल्या, ‘ते म्हणतात, इथून कुणाला उपाशी पाठवत नाही, खाऊन जा.’ बाहेर चहा आणि उकडलेली चवळी देतात, वर खोबऱ्याचा तुकडा. मी भिंतीला टेकून खाल्ली. पायाशी एक तांबडा कुत्रा येऊन बसला, त्याला अर्धी दिली.

हे मी यांना सांगितलं नाही. तुलाच सांगते आहे, कारण त्या तव्याच्या आधी तुझा डबा होता. माझं चुकलं, सुमे.

तुझ्या सुनेचं सातव्याचं डोहाळजेवण झालं का? काजूला मोहर कसा आहे? दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असेल. सविस्तर कळव.

निनादला अजून फोन केलेला नाही. त्या मुलीला बोंबलाची चटणी आवडते, एवढं मला माहीत आहे. तुझ्या आईची कृती लिहून पाठव. बोंबील आधी भाजायचे की तेलात परतायचे, आणि लसूण किती. तवा मी नवा आणलाय.

तुझी,
वरणभात