मला कुणी विचारलंच नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तब्येत ठीक आहे. गुडघा अधूनमधून बोलतो, बाकी तक्रार नाही. तुझ्या लेकीचा निकाल कळला, फार आनंद झाला. तुझ्या बदलीचं काय ठरलं ते कळव.

आता मुद्द्याचं. घरी हे बोललो, तर "यात तुमचं काय गेलं?" असं उत्तर मिळालं. तू तसं म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहितोय.

आपल्या चर्चमध्ये अर्पणाच्या, म्हणजे रविवारच्या दानाच्या, हिशेबात पैसे कमी आले. त्या रविवारी थैली मोजायला आम्ही दोघं होतो, मी आणि आपला शिपाई. (भर पावसात तुझी बंद पडलेली स्कूटर ढकलत आणणारा तोच. तू वर बसूनच होतास, हे तो अजून सगळ्यांना सांगतो.) कमिटीने त्याला बोलावलं, उभं ठेवून विचारलं आणि किल्ल्या काढून घेतल्या. मी त्याच खोलीत खुर्चीवर बसलेलो. मला एक प्रश्न नाही. मीच म्हणालो, "पैसे मीही मोजलेत, मलाही विचारा." सगळे हसले. "अहो, तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या आजोबांनी..." पुढचं तुला पाठ आहे.

पुढे फरक सापडला. एक पाकीट चुकून दुसऱ्या निधीत जमा झालं होतं. विषय संपला म्हणाले. पण किल्ल्या परत दिलेल्या नाहीत आणि इतिवृत्तात त्याचं नाव तसंच आहे.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय आपण तरुण संघात किती वेळा वाचला असेल! अंगठीवाल्याला म्हणायचं, इथे बसा, आणि फाटक्या कपड्यातल्याला, तू तिथे उभा राहा. आमच्या खोलीत अक्षरशः तेच झालं, आणि बैठक सुरू झाली होती प्रार्थनेने.

त्या रात्री बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढून बसलो. यरुशलेमेत प्रेषित पौलाला फटके मारायला बांधलेलं असतं, तेव्हा तो म्हणतो, मी रोमी नागरिक आहे. (रोमी नागरिकाला चौकशीविना फटके मारता येत नसत.) रोमी सरदार म्हणतो, मी तर हा हक्क भरपूर पैसे मोजून घेतला. पौल म्हणतो, माझा जन्मतःच आहे. मित्रा, माझ्यावरचा विश्वास असाच जन्मतः आलेला आहे. आजोबांच्या नावाने, आडनावाने, नीट बोलता येण्याने. तो मी कमावलेला नाही. शिपायाने मात्र इतकी वर्षं प्रामाणिकपणे काम करून जो कमावला, तो एका बैठकीत गेला.

पण खरं अडलोय ते सोळाव्या अध्यायापाशी. फिलिप्पैत फटके खाऊन, रात्र तुरुंगात काढून झाल्यावर अधिकारी निरोप धाडतात, गुपचूप जा. पौल अडून बसतो. आम्हा रोमी नागरिकांना उघडपणे मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. मला वाटतं, हा हट्ट त्याच्या मानापानासाठी नव्हता. तो गाव सोडणार होता. मागे लुदिया होती, तुरुंगाचा अधिकारी होता, नव्याने विश्वास ठेवलेली माणसं होती. त्यांच्यावर डाग राहू नये, म्हणून त्याने आपलं नागरिकत्व खर्ची घातलं. दानधर्म सोपा रे, पाकिटातून काढून देता येतो. आपला शब्द दुसऱ्यासाठी पणाला लावणं जड जातं, कारण तो उद्या आपल्यासाठी तितका चालेलच असं नाही.

येशूच्या दाखल्यातला श्रीमंत मनुष्य आणि त्याच्या दारात पडलेला भिकारी लाजर यांच्यावरून आपण भांडलो होतो, आठवतं? तू म्हणायचास, त्या श्रीमंताने त्याला मारलं नाही, दारातून हाकललं नाही, मग गुन्हा काय? मी म्हणायचो, दिसलंच नाही, हाच गुन्हा. तू उसळून म्हणालास, "दिसत होतं! त्याला नावसुद्धा ठाऊक आहे!" तेव्हा मी मानलं नाही, आज मानतो. मेल्यावर अधोलोकातही तो श्रीमंत लाजराशी बोलत नाही. लाजर ज्याच्याजवळ आहे त्या पूर्वज अब्राहामाला सांगतो, त्याला पाण्यात बोट बुडवून पाठवा, मग म्हणतो, माझ्या भावांकडे पाठवा. नाव माहीत आहे, पण कामापुरतं. आमची सगळी कमिटीही शिपायाला नावाने हाक मारते.

त्याला भेटायला गेलो, तर तो कपाटातली गीतपुस्तकं पुसत होता. म्हणाला, "राहू द्या साहेब. तुम्ही बोललात तर तुमचं काही बिघडणार नाही, पण मला मात्र इथेच रोज यायचंय." हे मला झोपू देत नाही. त्याच्यासाठी उभं राहायचं, तर त्याला विचारल्याशिवाय कसं? आणि तो नको म्हणतो ते भीतीपोटी, हेही दिसतंय.

मी ठरवलंय, त्याच्या हाती किल्ल्या येईपर्यंत मीही थैली मोजणार नाही, आणि हे कमिटीला लेखी देणार. त्याला आधी वाचून दाखवेन. तो नाहीच म्हणाला तर निदान इतिवृत्ताची दुरुस्ती मागेन. तू तुमच्याकडे इतकी वर्षं सचिव होतास. मंजूर झालेल्या इतिवृत्तात दुरुस्ती घालायची, तर ठराव कसा मांडायचा? नेमकी शब्दरचना पाठव. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे, त्याआधी पोचलं पाहिजे. फोन केलास तर रात्री जेवणानंतर कर, तेव्हा निवांत बोलता येईल.

वहिनींना आणि मुलांना सलाम.

तुझाच