वैशाखातला चारा आत्ताच भरून ठेवू : मुरघासासाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

वाळवा-पलूसकडं ऊसतोड जोरात सुरू आहे आणि आपल्या आटपाडी तालुक्यात वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, ट्रॅक्टर येऊ लागलेत. आज वाढं सहज मिळतं, म्हणून निम्मं जनावरांच्या पायाखाली जातं. कारखान्यांचं गाळप थांबलं की हीच मोळी शोधून सापडत नाही. 2013 आणि 2019 च्या चारा छावण्यांत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना जास्त सांगायला नको. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं खरं, पण अजून सगळ्यांच्या बांधाला लागलेलं नाही.

म्हणून दूध संस्था आणि ग्रामपंचायत मिळून यंदा वाढ्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद पिशवीत आंबवून टिकवलेला चारा, करणार आहे. गेल्या वर्षी आपण केलेला निम्मा बुरशीनं गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. कुट्टी जाड राहिली, पिशव्या नीट तुडवल्या नाहीत, आत हवा कोंडली. यंदा कुट्टी बोटाच्या पेरापेक्षा बारीक करायची आणि थराथराला तुडवायची. टनामागे 5 किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा. खडा राहिला तर जनावराला विषबाधा होते, तेव्हा हे काम पशुवैद्यकांच्या देखरेखीखालीच होईल. वाढं गोड असतं, आंबताना त्याची दारू व्हायला वेळ लागत नाही. युरियानं ते आवरतं. तोंड बांधल्यावर 45 दिवस पिशवी उघडायची नाही, वास बघायलासुद्धा नाही!

नुसतं ओलं वाढं महिनोन् महिने घातलं की त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि दुभती गाय खंगते. मुरल्यावर ते कमी होतं, तरी खनिज मिश्रण रोज द्यावंच लागेल. सुरुवातीला मुरघास चार-पाच किलोच घालावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही.

एक टनाच्या पिशवीत दोन मोठ्या जनावरांचा महिना निघतो. भरलेल्या पिशव्यांतून पहिला वाटा भूमिहीन आणि एक-दोन जनावरंवाल्या घरांना जाईल. खरसुंडीच्या बाजारात पडेल भावात खिलार जनावरं विकायची पाळी त्यांच्यावरच आधी येते.

आता मदतीचं. वाढं फुकट मागायचं नाही. ते तोडकऱ्यांच्या हक्काचं, त्याचे पैसे टोळीला रोख द्यायचे ठरलं आहे. त्यासाठी, पिशव्यांसाठी आणि डिझेलसाठी रक्कम हवी. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त परगावी असलेल्या आपल्या मंडळींनी एकेका पिशवीचा खर्च उचलावा, ही खास विनंती. ट्रॅक्टर आणि कुट्टी मशीन असणाऱ्यांनी दोन-दोन दिवस द्यावेत. पैसे संस्थेच्या कार्यालयातच भरून पावती घ्यावी. जमाखर्च दर आठवड्याला चावडीच्या फळ्यावर लागेल.

येत्या रविवारी सकाळी आठला संस्थेच्या आवारात काम सुरू होईल. तुडवायला माणसं लागतील, तेव्हा तरुण पोरांनी चपला घरी ठेवून यावं. चहा संस्थेचा, भाकरी आपापली.

आपले,
दूध संस्था व ग्रामपंचायत