ट्रॉलीचे टायर मागे-पुढे करण्याआधी

माननीय संपादक,

गाळप हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांचे मागचे टायर पुढे आणि डावीकडचे उजवीकडे करून घेण्याची लगबग गॅरेजांत सुरू होते. मोटारीला करतात, मग ट्रॉलीला का नको, हा त्यामागचा हिशेब. मोटारीची पुढची चाके वळतात, ब्रेकचा जास्त भार घेतात आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाचा जोरही त्यांच्यावरच असतो. म्हणून तिथे अदलाबदल हवी. ट्रॉलीचे चाक नुसते मागून येते. हवा बरोबर, धुरा सरळ आणि उसाची मांडणी समतोल असेल, तर टर्नटेबलच्या (पुढचा धुरा मधल्या पिनेवर वळणाऱ्या, चार चाकी) ट्रॉलीचे चारही टायर साधारण सारखेच झिजतात. एखादाच टायर खाल्ला जात असेल तर खोट ट्रॉलीत आहे. तो टायर दुसरीकडे लावला की खोट दिसेनाशी होते आणि त्या जागी आलेला चांगला टायरही खाल्ला जातो.

म्हणून आधी झीज पाहा. दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी किंवा माल जास्त. फक्त मध्य गेला असेल तर हवा जास्त. आतली कड गेली असेल तर बहुधा धुरा वाकला आहे: वजन पाट्यांवर (धुऱ्यावरच्या पोलादी स्प्रिंगांवर), म्हणजे चाकांच्या आतल्या बाजूला पडते, धुऱ्याचा मध्य खाली दबतो आणि चाकांची डोकी आत झुकतात. मधूनमधून खळगे पडले असतील तर चाक उचलून, वर-खाली धरून हलवा. खडखड हाताला जाणवली की बेअरिंग सैल आहे.

सर्वांत फसवी झीज डोळ्यांना दिसत नाही. तळहात टायरवरून आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखे अडकत असेल, तर चाक तिरके ओढले जात आहे. मग टेप घ्या. दोन चाकी ट्रॉलीत दांडीच्या डोळ्यापासून (ट्रॅक्टरला जोडायच्या कडीपासून), चार चाकीत टर्नटेबलच्या मधल्या पिनेपासून, मागच्या धुऱ्याच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत माप काढा. दोन्ही मापे सारखीच यायला हवीत. नसतील तर धुरा पाट्याला आवळणारे यू-बोल्ट ढिले झाले आहेत किंवा पाट्याच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटून धुरा एका बाजूने मागे सरकला आहे. टायरच्या किमतीपुढे हा बोल्ट काहीच नाही, पण तपासतो कोण?

जवळजवळ दोन धुरे असलेल्या टँडम ट्रॉलीला मात्र अदलाबदल लागतेच. कारखान्याच्या आवारात आखूड वळण घेताना तिचे टायर आडवे घासटतात, पुढच्या धुऱ्याचे एका बाजूला आणि मागच्याचे विरुद्ध बाजूला. तिथे खाचांच्या खोलीत २-३ मिमी फरक दिसला की त्याच बाजूचे पुढचे-मागचे बदलावेत. ट्रॉली रिकामी हवी, ट्रॅक्टरला जोडलेली आणि उरलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड लावलेले. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, जॅक धुऱ्याखाली पाट्याजवळ लावावा आणि नट समोरासमोर आवळावेत. ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळणे चुकवू नये. चाक डिस्कसकट (टायर बसतो त्या लोखंडी चकतीसकट) बदलावे. डिस्कला लॉक रिंग (टायर अडवणारी सुटी कडी) असेल, तर हवा भरलेली असताना त्या रिंगला हात लावणे जिवावर बेतते. एका धुऱ्यावर एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेला) अशी जोडी लावू नये.

अमेरिकेत मोटारीमागे ओढायच्या घरवजा ट्रेलरबाबतही हाच वाद चालतो. तिथल्या ट्रेलरच्या खास टायरवर ‘एसटी’ अशी अक्षरे असतात (आपल्या लाल परीशी संबंध नाही, ते ‘स्पेशल ट्रेलर’). ते झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण वर्षातले बरेच महिने एका जागी उभे असतात. आपल्या ट्रॉल्यांचेही तेच. टायरच्या भिंतीवरच्या लंबगोल चौकटीतले शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षे उलटलेला आणि भिंतीवर केसांएवढ्या भेगा पडलेला टायर, नक्षी कितीही खोल असली तरी, भरल्या ट्रॉलीखाली ठेवू नये. पावसाळ्यात ट्रॉली धुऱ्याखाली ठोकळे देऊन उचलून ठेवावी आणि टायर उन्हापासून झाकावेत. नाहीतर नायलॉनचा टायर एकाच जागी चपटा होतो.

फडातून निघताना टायरच्या भिंती जरूर बघाव्यात. तोडलेल्या उसाचे बुडखे खिळ्यासारखे घुसतात. हवा टायर थंड असतानाच मोजावी. कारखान्यात रात्रभर नंबरला उभ्या असलेल्या ट्रॉलीची पहाटे, गव्हाणीकडे (ऊस टाकायच्या जागेकडे) हलवण्यापूर्वी, मोजलेली हवाच खरी. पळून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली, तर थंड झाल्यावर ती कमी पडते. मग पुढच्या खेपेला भिंत जास्त लवते, आणखी तापते आणि टायर फुटतो.

आपला,
ट्रॉली दुरुस्तीच्या धंद्यातला एक वाचक