क्लेममधले ३० टक्के

संपादक साहेब,

मागच्या वर्षी हिंगणा रोडवर आमच्या मावशीला टिप्परनं उडवलं, पाय मोडला, अन् दवाखान्यात प्लास्टर वाळायच्या आतच एका वकिलाच्या ऑफिसचा पोरगा कार्ड घेऊन हजर, म्हणे आत्ता एक रुपया नका देऊ, क्लेम मिळाला की ३० टक्के आमचे. आम्ही पण वकालतनाम्यावर सही करून बसलो नं! नंतर समजलं की बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमात निकालावर फी ठरवणं, भरपाईत वाटा घेणं चालतच नाही, असं गिऱ्हाईक शोधत फिरणं तर नाहीच. अन् बाईमाणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, पण हे तिथं खाटेवर कोण सांगते? वरून मोटार वाहन कायद्याच्या एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत टाकलीय, ते तर प्लास्टर अन् फिजिओतच निघून जातात. प्रत्येक अपघात वॉर्डाबाहेर प्राधिकरणाचा बोर्ड लावा नं, फोन नंबरसकट, मोठ्या अक्षरात.

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर