दोन दिवसांत काय केलं, असं विचारलंस म्हणून

नागपूर, रविवार रात्र

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तुझा आवाज भरून आला होता. "बाबा, सलग तीन शनिवार-रविवार गेले आणि अजून एक स्टूल उभं राहिलं नाही. तुम्ही कसं करता?" मी "होईल गं" म्हणालो आणि फोन ठेवला. ते उत्तर देणं मलाच पटलं नाही. आठवडाभर ऑफिसात जाता-येता तेच डोक्यात होतं. आज संध्याकाळपासून पावसाने जोर धरलाय, मागच्या शेडमध्ये फेविकॉल लावलेली चौकट क्लॅम्पमध्ये आवळून ठेवली आहे आणि सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. म्हणून लिहायला बसलो.

मला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं ते तुला आधी सांगतो. आपल्यासारखी छंद म्हणून सुतारकाम करणारी माणसं दोन दिवसांत प्रत्यक्ष लाकूड किती वेळ कापतात? मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. दोन तासही भरले नाहीत. बाकीचा सगळा वेळ लाकूड बघण्यात, धार लावण्यात, खुणा करण्यात, वाट बघण्यात आणि चक्क शेडच्या बाहेर जातो. तू तो वेळ वाया गेला असं धरून बसली आहेस, तिथंच चुकतेस.

माझा शनिवार सकाळी तर्री-पोहे खाऊन लकडगंजात, इथल्या लाकूडबाजारात, सुरू होतो. तू शाळेत असताना दोन-तीनदा माझ्यासोबत आली होतीस, आरामशीनच्या आवाजाने कान झाकून उभी राहायचीस. महालात, इतवारीत एखादा जुना वाडा पाडला की त्याच्या तुळया, चौकटी, दाराच्या फळ्या तिथल्या दुकानांत येतात. मला तेच लाकूड हवं असतं. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं सागवान आज नव्याने कुठून आणणार? खिशात चुंबक ठेवतो, फळीवरून संथपणे फिरवतो. आत तुटलेला खिळा असला की चुंबक ओढ घेतो. हे न केल्यामुळे एकदा रंध्याच्या पात्याचा तुकडा उडाला होता. मग फळीचं टोक बघायचं. रेषा उभ्या आहेत की आडव्या, कडेला पांढरट कच्चं लाकूड किती आहे. ते पांढरं वाळवी आधी खाते, मधल्या तांबूस लाकडाच्या अंगात तेल असतं म्हणून त्याच्या वाटेला ती सहसा जात नाही. भाव घनफुटाने, तेव्हा हिशेब आपला आपण करायचा. सात फूट लांब, सहा इंच रुंद, दीड इंच जाड फळी असेल तर 7 गुणिले 6 गुणिले 1.5, भागिले 144. म्हणजे 0.44 घनफूट. तिथं उभं राहून हे तोंडी करता आलं पाहिजे.

आपलं गाव सागवानाच्या दारातच बसलेलं आहे. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेलं. मला याचा फार अभिमान वाटतो. पण तीन शनिवारांतले दोन शनिवार मी लकडगंजातून रिकाम्या हाताने परत येतो, आणि त्याचं मला काही वाटत नाही. मनासारखी फळी दिसली नाही तर घ्यायची नाही. वाईट फळी घेऊन आलं की पुढचे चार रविवार तिच्याशी भांडण्यात जातात.

दुपारी धार. सोनू, तुझ्या कामात काय अडतंय ते मला फोनवरच कळलं होतं. रंधा अडकतो, लाकूड उपटतं, पटाशीने, म्हणजे खाच पाडायच्या छिन्नीने, खाचेची कड तुटते, असं तू म्हणालीस. पातं बोथट आहे. दुकानातून आणलेलं पातं धारेचं नसतंच, नुसतं घासून आकार दिलेलं असतं. त्यातून सागवानात बारीक वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, तो चांगल्या पात्यालाही लवकर खातो. धार लावायचा हजार नंबरचा दगड पाण्यात भिजव, पातं साधारण पंचवीस-तीस अंशांत धर आणि तो कोन न हलवता मागेपुढे घास. थोड्या वेळाने पात्याच्या मागच्या बाजूने अंगठा हलकेच बाहेरच्या दिशेने सरकव. धारेच्या पूर्ण लांबीभर एक बारीकशी उलटलेली कड लागली पाहिजे. एका कोपऱ्यात जरी लागली नाही तरी तिथं अजून धार आलेली नाही, पुन्हा घास. मग सहा हजारचा दगड, मागची बाजू सपाट धरून ती कड उतरव. मला यात पाऊण तास लागतो. त्यानंतर रंधा लावला की जे सालपट निघतं ते पेपरवर ठेव. खालची अक्षरं वाचता आली तर समज जमलं. ते सालपट बोटात धरून उजेडात बघताना मला आजही वेगळाच आनंद होतो, खरं सांगतो.

उन्हाळ्यातलं आमचं वेळापत्रक तुला आठवत असेलच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पत्र्याखाली नऊनंतर उभं राहवत नाही. पहाटे साडेपाचला सुरू करायचं आणि नऊला दार लावायचं. फेविकॉलचं काम तर उजाडायच्या आतच. उन्हात त्याच्यावर पाच-सात मिनिटांत साय धरते आणि जोड अर्धवट बसलेला असतानाच घट्ट होतो.

या उन्हाळ्यातली एक गोष्ट तुला सविस्तर सांगायची राहिली आहे. तुझ्या आईच्या शिवणाच्या सामानासाठी मी मेच्या सुरुवातीला ड्रॉवरचं कपाट पुरं केलं. वरचा ड्रॉवर सात इंच उंच, दर्शनी फळी एकसंध सागवानाची. शेडमध्ये बसवला तेव्हा वर अर्धा मिलिमीटर फट सोडली होती. एका बोटाने ढकलला की आत जाऊन हवेने अलगद थांबायचा. मी तीन-चारदा उगाचच उघडून-मिटून पाहिला. मग कपाट हॉलमध्ये नेऊन ठेवलं, खिडकीशेजारी. पंधरा दिवसांनी आई म्हणाली, वरचा ड्रॉवर निघत नाही. मला वाटलं आत काहीतरी अडकलं असेल. दोन्ही हातांनी ओढला तरी ढिम्म. तिचा मशीनचा डबा, बॉबिनी, सगळं आत. आईला एका लग्नासाठी ब्लाऊज पुरा करायचा होता आणि मी पाठीमागची फळी काढून मागून सामान बाहेर काढत होतो. फार वाईट वाटलं. अडीच महिन्यांचे रविवार घातले होते त्याच्यात.

लकडगंजातल्या ज्या मिस्त्रीकाकांकडून मी पहिल्यांदा पटाशी धरायला शिकलो, त्यांना विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला, "भाऊ, कूलरसमोर ठेवलं का?"

तेच झालं होतं. शेडमधली मे महिन्याची हवा खडखडीत कोरडी, आणि हॉलमध्ये दिवसरात्र कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा थेट त्या फळीवर. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि हवा कोरडी झाली की आकसतं. मी ड्रॉवर मागून ठोकून काढला आणि मोजला. 178 मिलिमीटरची फळी 179.5 झाली होती. दीड मिलिमीटर वाढ आणि मी सोडलेली जागा अर्धा. निघणार कसा? पुस्तकांतलं सगळं वाचलेलं होतं, फक्त आपल्या घरातला पावसाळा मे महिन्यातच कूलरमधून सुरू होतो हे लक्षात घेतलं नव्हतं.

आता मी काय करतो, तर लाकूड आणलं की ते ज्या खोलीत राहणार त्याच खोलीत तीन-चार आठवडे ठेवतो. फळ्या एकावर एक, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, म्हणजे सगळीकडून वारा लागतो. आई कुरकुर करते, तरी पलंगाखाली जागा देते. आणि टेबलाचा वरचा फळा खालच्या चौकटीला कधीच घट्ट चिकटवत नाही. स्क्रूसाठी लांबट भोकं पाडतो, म्हणजे फळ्याला हलायला वाव राहतो. तुझ्या स्टुलाची फळी पुण्याच्या पावसात दुकानातून आणून त्याच दिवशी कापायला घेतलीस ना? थोडी थांब. तिला तुमच्या घरात पडू दे.

रविवार मी बराचसा बाहेर काढतो. सकाळी आईबरोबर अंबाझरीला चक्कर. नंतर हाच छंद असलेल्या आमच्या तिघांपैकी कुणाकडे तरी. एक दातांचे डॉक्टर आहेत, एक कॉलेजात शिकवतात. मोठी चौकट चिकटवायची असली की चार हात लागतातच, म्हणून एकमेकांकडे जावं लागतं. आधी सगळं कोरडंच जोडून बघायचं, क्लॅम्प कुठला कुठे ते ठरवायचं, मगच बाटली उघडायची. पाच मिनिटं कुणी बोलत नाही. शेवटचा क्लॅम्प आवळला, दोन्ही कर्ण मोजले आणि सारखे निघाले, म्हणजे चौकट काटकोनात बसली, की मग चहा येतो. त्यानंतर तासभर आम्ही नुसते त्या चौकटीसमोर बसलेले असतो. डॉक्टरांच्या हाताची चाल बघण्यासारखी आहे, पटाशी पुढे सरकते की नाही कळू नये इतकी हळू. त्यांच्याकडे बघून मी घाई करणं सोडलं.

कधी महालात जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांतून फिरतो. कुठे दार उघडं दिसलं तर विचारून आत जातो, खांबाला तुळई कशी बसवली आहे ते बघतो. लोक प्रेमाने दाखवतात, पाणी देतात. एका वाड्यात खांबाच्या माथ्यावरच्या जोडात एकही खिळा नव्हता, नुसती खाच आणि तिच्यात बसणारं टोक, म्हणजे कुसू, वर लाकडाची पाचर. मी वहीत काढून घेतलं. घरी येऊन तसाच जोड भंगार लाकडात करून बघण्यात अख्खी संध्याकाळ गेली. त्या रविवारी माझ्या हातून "वस्तू" म्हणावी अशी काहीच झाली नाही, आणि तरी तो माझा यंदाचा सगळ्यात चांगला रविवार होता.

तीन गोष्टी मात्र बाप म्हणून बजावून सांगतो. घासकाम करताना एन-95 मास्क लाव, तुझी मनू शेजारी खेळत असेल तर काम बंद ठेव. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्याच गटात टाकली आहे. दुसरं, जवसाचं तेल लावलंस तर चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नकोस. ते तेल वाळताना आपोआप तापतं आणि चिंधी स्वतःहून पेट घेते. दोरीवर एकेरी पसरून वाळव, नाहीतर पाण्यात बुडवून ठेव. फ्लॅटमध्ये तर हे विसरायचंच नाही. तिसरं, रविवारी चार वाजल्यानंतर मशीनला हात लावायचा नाही. सोमवारच्या आत संपवायच्या नादात बोटं जातात.

आता मनूचं. तान्हा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा लाकडी नंद्यांचा सण, जवळ आला. तू चार वर्षांची असताना मी तुला बाजारातून लाकडी नंदी आणून दिला होता. तिसऱ्याच घरी त्याचं चाक निघालं आणि तू बोजाऱ्याची, घरोघरी मिळालेल्या खाऊ-पैशांची, पिशवी तिथंच टाकून रडायला लागलीस. मी आसाच्या जागी आगपेटीच्या काड्या खोचून कसाबसा तो घरापर्यंत आणला. तेव्हा मला हत्यार धरता येत नव्हतं. ती गोष्ट तू विसरली असशील, मी विसरलो नाही. पुण्यात कुणाला तान्हा पोळा माहीत नाही असं तू म्हणतेस, म्हणून तुम्ही तिघं त्या आठवड्यात इकडेच या. सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघू, संध्याकाळी मनू नंदी घेऊन आपल्या गल्लीत फिरेल.

नंदी मीच करतोय. आईच्या त्या ड्रॉवरची फुगलेली फळी बदलली, तिचंच लाकूड वापरतोय. पाय वेगळे कापले, लाकडाची रेषा वरून खाली जाईल असे. अंगासोबत एकाच फळीतून कापले असते तर पायात रेषा आडवी आली असती आणि पहिल्याच पायरीवर पाय मोडला असता. शिंगंही वेगळी, भोकात बसवायची. चाकाचा आस शिसमाचा घेतलाय, तो सहजी निघायचा नाही. वशिंड अजून मनासारखं उतरलं नाही, पुढचा शनिवार त्यालाच. रंग लावणार नाही, नुसतं तेल, मनू तोंडात घालेल म्हणून.

दोरी किती लांब ठेवायची ते ठरत नाही. मनूला सरळ उभी कर, हात खाली सोडायला सांग आणि जमिनीपासून तिच्या मुठीपर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये कळव.

तुझा,
बाबा