पोटभरीचे सॅलड: ‘चवीनुसार’ नको, ग्रॅम छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पुरवण्यांमधून सॅलडच्या कृती येऊ लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच कृतींखाली ‘रात्रीच्या जेवणाऐवजी घ्या’ असा सल्ला असतो. कृती पाहावी तर काकडी, टोमॅटो, गाजर आणि वरून लिंबू. म्हणजे कोशिंबीरच. ताटाच्या डाव्या बाजूची उचलून मधोमध ठेवली, इतकाच फरक. दीडशे ग्रॅम काकडी, शंभर ग्रॅम टोमॅटो आणि पन्नास ग्रॅम गाजर मिळून जेमतेम ६०-६५ किलोकॅलरी होतात, प्रथिने अडीच-तीन ग्रॅम. ज्वारीची एक मध्यम भाकरी याच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा देते. असे ‘जेवण’ करून कोणी रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडला, तर दोष खाणाऱ्याचा नाही, कृतीचा आहे.

सॅलड जेवणाच्या जागी ठेवायचे, तर भाकरी आणि उसळीचे काम त्यातच झाले पाहिजे. एका माणसाचा हिशेब असा: कोरडी ज्वारी ४० ग्रॅम, कोरडे हरभरे ५० ग्रॅम, भाज्या २०० ते २५० ग्रॅम, तेल १० मिली आणि भाजलेले शेंगदाणे २० ग्रॅम. यातून साधारण ५५० किलोकॅलरी आणि वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. वर ५० ग्रॅम पनीर किंवा उकडलेले अंडे घातले, तर अंगमेहनत करणाऱ्यालाही पुरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचीत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आहेत. या एका थाळीत दोन्हींचा निम्मा वाटा भरून निघतो.

हे काही परक्याकडून शिकावे लागणार नाही. मराठवाड्यात, सोलापूरकडे घोळाणा करतात. कच्ची मेथी, कांद्याची पात, दाण्याचे कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल. त्यात पाला आहे, स्निग्धता आहे, दाणाही आहे. कर्नाटकातल्या कोसंबरीत भिजवलेली मूगडाळ असते. लेबनॉनकडच्या फत्तूश या सॅलडमध्ये रोटीचे कुरकुरीत तुकडे, तबूलेमध्ये बुलगुर. (बुलगुर म्हणजे आपला दलिया नव्हे. बुलगुरचा गहू आधीच उकडून वाळवलेला असतो, म्हणून नुसता भिजवून चालतो. दलिया शिजवावाच लागतो. ही अदलाबदल सुचवणाऱ्या कृतींमुळे अनेकांच्या दातांखाली खडे आले असतील.)

आता चौघांसाठी करण्याची पद्धत.

ज्वारी १६० ग्रॅम. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर उत्तम, नाहीतर कोणतीही टपोरी पांढरी ज्वारी घ्यावी. आठ-दहा तास भिजवावी, पाणी बदलावे, तिप्पट पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून कुकरला लावावी. (या पत्रात चमचा म्हणजे सपाट भरलेला चहाचा चमचा, ५ मिली.) एक शिट्टी मोठ्या आचेवर, मग वीस-पंचवीस मिनिटे मंद आच. दाणा टोकाला फुटलेला पण चावायला घट्ट हवा. इथे पहिली चूक होते ती घाईची. निथळलेली ज्वारी तशीच वाडग्यात जाते, तिच्या अंगचे पाणी खाली साचते आणि सगळ्याची चव पांचट होते. चाळणीत निथळून ती परातीत पसरावी आणि पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, हाताला कोरडी लागेपर्यंत. हुरड्याच्या दिवसांत हे सगळेच टळते, भाजलेला हुरडा थेट घालता येतो.

हरभरे २०० ग्रॅम. हे शिजत नाहीत अशी तक्रार असते, तेव्हा दोष बहुधा पाण्याचा असतो. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हरभऱ्याची साल कडक धरून ठेवतात. अशा गावांत भिजवायला आणि शिजवायला जडपणा काढलेले (आरओ यंत्रातले) पाणी वापरावे आणि भिजवतानाच लिटरला दोन चमचे मीठ घालावे. साल मऊ होते आणि मीठही आतपर्यंत जाते. ‘मीठ घातले की कडधान्य शिजत नाही’ हा समज चुकीचा आहे. शिजू देत नाही ते आंबट. टोमॅटो, चिंच, लिंबू यांतले काहीही हरभरे बोटांनी चेपले जाईपर्यंत घालू नये. सोड्याने ते लवकर शिजतात हे खरे, पण साल गळून लगदा होतो आणि ब१ जीवनसत्त्वही जाते. शिजलेले हरभरे चारशे-साडेचारशे ग्रॅम भरतात. निथळून ते गरम असतानाच पुढे दिलेल्या आंबट-तिखट मिश्रणाचा निम्मा भाग त्यांवर ओतावा. गरम दाणा थंड होता होता चव आत ओढून घेतो. थंड दाण्यावर ओतलेले मिश्रण बाहेरूनच निसटते.

ते मिश्रण कसे करायचे, यात खरी गंमत आहे. पुरवण्यांतल्या कृतींत बाटलीतले ड्रेसिंग सुचवतात, तर काहींत लिंबू आणि तेल वेगवेगळे ‘वरून’ घालायला सांगतात. वेगवेगळे घातले की तेल वर तरंगते, लिंबू तळाला जाते आणि पहिला घास तेलकट, शेवटचा आंबटढोण लागतो. दोन्हींना एकत्र धरणारी वस्तू आपल्याकडे लोणच्यासाठी पूर्वापार वापरात आहे: फेसलेली मोहरी. एक चमचा मोहरी खलबत्त्यात बारीक करावी, दोन-तीन चमचे गार पाणी घालून फेस येईपर्यंत घोटावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावी. पाणी गारच हवे आणि लिंबू अजिबात घालायचे नाही. मोहरीचा झणका दाण्यात आयता नसतो. दाणा फुटून पाणी मिळाले की आतले विकर (एन्झाइम) काम करते आणि मग तो तयार होतो. पाणी कढत असेल किंवा आधीच आंबट पडले, तर विकर तिथेच थबकते आणि हाती नुसता कडवटपणा उरतो. फोडणीतली मोहरी खमंग लागते पण नाकात जात नाही, तेही उष्णतेमुळेच.

दहा मिनिटांनी त्यात २० मिली लिंबाचा रस (एका चांगल्या रसदार लिंबाचा), एक चमचा गूळ, अर्धा चमचा मीठ, ठेचलेली एक हिरवी मिरची आणि चिमूटभर हिंग घालून गूळ विरघळू द्यावा. मीठ आणि गूळ तेलात विरघळत नाहीत, म्हणून तेल शेवटी. ४० मिली शेंगदाण्याचे तेल बारीक धारेने ओतत चमच्याने फेटत राहावे. मिश्रण दाटसर आणि फिकट पिवळे झाले की जमले. धार जाड झाली तर फुटते; तसे झाल्यास चमचाभर दाण्याचे कूट घालून पुन्हा फेटावे, बहुधा सावरते. परदेशी पद्धतीत तेल तिप्पट घेतात, इथे दुप्पट पुरे, कारण धान्य आणि कडधान्य आंबटपणा दाबून टाकतात. मीठ अर्धाच चमचा का, तर ज्वारीत पडले आहे, हरभऱ्यात पडले आहे आणि काकडीतही पडणार आहे.

भाज्यांमध्ये एकच शत्रू, पाणी. काकडीत ९५ टक्के तेच असते आणि मीठ लागले की ते बाहेर येते. खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात (सुरीने टोचे मारून अगदी बारीक चिरतात) ते योग्य, कारण ती लगेच वाढायची असते. पोटभरीच्या सॅलडला चोचवलेली काकडी घातली तर अर्ध्या तासात तळे होते. ३०० ग्रॅम काकडीच्या दीड सेंटीमीटरच्या फोडी कराव्यात, बियांचा भाग मोठा असेल तर काढावा, अर्धा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटे चाळणीत ठेवाव्यात आणि हलकेच दाबून घ्याव्यात. निघालेले पाणी ताकात घालावे, फेकू नये. टोक चाखल्याशिवाय काकडी चिरू नये हे सांगायला नको. एक कडू काकडी दोन किलोच्या वाडग्याची वाट लावते. दोन टोमॅटोंचा बियांचा गर वेगळा काढून ड्रेसिंगमध्ये मिसळावा, चव त्यातच जास्त असते. फोडी शेवटी घालाव्यात. कांदा चिरून दहा मिनिटे गार पाण्यात. कोबी २०० ग्रॅम, अगदी बारीक चिरलेला. तांबडा भोपळा २५० ग्रॅम, दोन सेंटीमीटरच्या फोडी, जाड तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजलेल्या. भोपळा हवाच. त्याने गोडवा येतो आणि वाडग्यात एक तरी मऊ वस्तू येते. नाहीतर चावून चावून जबडे दुखतात, हा अशा सॅलडचा नेहमीचा दोष आहे. भोपळा-गाजरातले कॅरोटीन अंगी लागायला तेल लागतेच, तेव्हा ‘बिनतेलाचे आरोग्यदायी’ ही शिफारस निदान या बाबतीत उलटी आहे. बीट घालायचेच असेल तर उकडून, तेलाचा हात लावून, अगदी वरून.

पाल्यासाठी महागडे लेट्यूस नको. कोवळी मेथी ४०-५० ग्रॅम, त्यापेक्षा जास्त घेतल्यास कडूपणा वर येतो. सोबत कांद्याची पात, मुळ्याची कोवळी पाने. धुऊन सुती फडक्यावर पूर्ण कोरडी करावीत. लिंबाने पाला मरतो असे समजतात. खरे तर पानावरच्या मेणचट थरातून तेल जास्त लवकर शिरते आणि पान लोळागोळा होते. म्हणून पाला वाढण्याच्या पाच मिनिटे आधी. ८० ग्रॅम भाजलेले शेंगदाणेही तेव्हाच, भरड कुटून. कूट आधी घातले तर ते रस पिऊन बसते. शिळ्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून वर टाकले तर फत्तूश उगाच आठवेल.

मोडांबद्दल थोडे कठोर लिहावे लागेल. कच्ची मोडाची मटकी किंवा मूग मूठ-मूठ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंना वाढायला लागते. २०११ साली जर्मनीत ई-कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला. पन्नासहून अधिक माणसे दगावली. घरी मोड काढले म्हणून हा धोका टळत नाही, कारण जिवाणू बियाण्यावरूनच येऊ शकतात. मोड चार-पाच मिनिटे चांगल्या वाफेवर ठेवावेत; कुरकुरीतपणा बराचसा राहतो आणि धोका खूप कमी होतो. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना कच्चे मोड देऊच नयेत. राजम्याला तर मोड आणून कच्चा खाण्याचा विचारही नको. त्यातले विषारी द्रव्य नष्ट व्हायला भिजवलेले पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावे लागते.

दही घालून करायचे असेल तर नुसते दही चालत नाही, तासाभरात पाणी सुटते. दोन तास टांगून घट्ट केलेले दही घ्यावे आणि मीठ वाढताना घालावे. थंड सॅलडवर तुपाची फोडणी देऊ नये. तूप थिजते आणि टाळूला चिकटते.

डब्यात न्यायचे असेल तर तळाला ड्रेसिंग, त्यावर हरभरे, मग ज्वारी, मग कोबी आणि काकडी, पाला सर्वांत वर, खाताना हलवायचे. शेंगदाणे पुडीत. शिजवलेले धान्य आणि कडधान्य उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, लिंबू पिळले आहे म्हणून ते टिकत नाही. सकाळी सातचा डबा दुपारी दीडला उघडणार असेल, तर बर्फाची पिशवी हवी किंवा कार्यालयात फ्रीज हवा. फ्रीजमधली ज्वारी मात्र कडक होते, तिच्यातला स्टार्च थंडीने आळतो. खाण्याआधी ज्वारीवर दोन चमचे पाणी शिंपडून तेवढीच गरम करावी, बाकीचे गारच राहू द्यावे. यासाठी रात्री करून ठेवायचे तर ज्वारी वेगळ्या डब्यात ठेवणे सोयीचे.

एक विनंती. कृतीत ‘एक वाटी’ छापताना ती किती मिलीची हे छापावे. घरोघरच्या वाट्या शंभरपासून दोनशे मिलीपर्यंत असतात आणि चौघांचे जेवण त्यात दोघांचे होऊन जाते. कोरडे वजन की शिजलेले, हेही लिहावे. हरभऱ्याच्या बाबतीत त्याने दुपटीचा फरक पडतो. आणि काकडी-टोमॅटोची कृती असेल तर तिला कोशिंबीर म्हणावे, जेवण म्हणू नये.

आपला,
एक वाचक, सोलापूर